एमआयसी केबल: टार्गेटशेजारच्या मॅग्नेटसाठी घ्यावी का?

प्रोटॉन बीमलाइनमध्ये (वेगवान प्रोटॉनचा झोत नेणाऱ्या मार्गात) टार्गेटच्या, म्हणजे झोत ज्यावर आदळवतात त्या तुकड्याच्या, लगेच पुढे बसणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलला काय वापरायचं, हे मला वरचेवर विचारलं जातं. मी मॅग्नेटचं डिझाइन करते आणि कॉइल गुंडाळताना वर्कशॉपमध्येही उभी असते, त्यामुळे कागदावरचं आणि हातात घेतल्यावरचं असं दोन्ही सांगते. केबलचं पूर्ण नाव मिनरल इन्सुलेटेड केबल. आम्ही एमआयसी म्हणतो. मध्ये तांब्याचा पोकळ कंडक्टर, त्याच्या पोटातून थंड पाणी वाहतं. त्याच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली, वीज अडवणारी पांढरी भुकटी आणि सगळ्यांवर तांब्याचंच आवरण. प्लॅस्टिक, रबर, रेझिन यातलं काहीही नाही.

तिचं मोल त्यातच आहे. नेहमीच्या मॅग्नेटची कॉइल काचेच्या टेपने गुंडाळून इपॉक्सीत बांधलेली असते. चांगलं इपॉक्सी किरणोत्साराच्या साधारण १० मेगाग्रे डोसपर्यंत तग धरतं (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं माप). पुढे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात, वायू सुटतो, ते ठिसूळ होतं आणि मग कधीतरी कॉइल अर्थ होते, म्हणजे तिची वीज बाहेरच्या धातूत उतरते. पॉलिइमाइड हे चिवट प्लॅस्टिक त्याच्या दसपट तरी सोसतं. टेफ्लॉनचा तर विचारही करू नये, काही किलोग्रेतच ते संपतं. मॅग्नेशियम ऑक्साइड हा आयनांचा स्फटिक, त्यात तुटायला साखळीच नाही. अमेरिकेत लॉस अलामॉसला ८०० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन लिनॅक (प्रोटॉनला सरळ रेषेत वेग देणारं यंत्र) १९७०च्या दशकात सुरू झाला, तेव्हापासून असे मॅग्नेट टार्गेटजवळ वापरले गेले आहेत. म्हणजे ही कालपरवाची नवलाई नाही, पारखलेली वस्तू आहे.

जपानमध्ये तोकाईच्या जे-पार्क केंद्रातली मांडणी मला सर्वांत पटते. तिथल्या हेड्रॉन हॉलमध्ये ३० जीईव्ही ऊर्जेचा (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) बीम सुमारे ६६ मिलिमीटर लांबीच्या सोन्याच्या टार्गेटवर येतो. त्यातले जवळजवळ निम्मे प्रोटॉन सोन्याच्या अणुकेंद्रकांवर आदळतात आणि निघालेल्या कणांचा मारा पुढच्या मॅग्नेटवर होतो. म्हणून जिथे मार सर्वांत जास्त तिथे एमआयसी, जिथे जरा कमी तिथे पॉलिइमाइड, आणि दूर गेल्यावर साधे मॅग्नेट. सगळीकडे एमआयसी लावणं म्हणजे पैसा आणि वीज वाया घालवणं. भुकटी आणि आवरण मिळून केबलच्या छेदातली बरीच जागा खातात, त्यामुळे तेवढ्याच चुंबकीय क्षेत्रासाठी कॉइल मोठी होते आणि वीजही जास्त लागते. प्रवाह बदलत राहिला की आवरणात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे नको असलेले प्रवाह, फिरतात, म्हणून झपाट्याने वर-खाली होणाऱ्या प्रवाहाला ती चालत नाही. डीसी मॅग्नेटपुरतीच घ्यावी.

गुंडाळायला केबल वाटते त्यापेक्षा हट्टी आहे. तांबं मऊ करून आलेलं असतं, पण एकदा वाकवलं की कडक होतं. वळण सरळ करून पुन्हा घ्यायला गेलात की आतल्या बाजूच्या आवरणावर सुरकुती येते, आणि सुरकुतीखाली भुकटीचा थर पातळ झाला असेल तर ते वरून कळत नाही. वळणाची त्रिज्या मोठी ठेवा, फॉर्मर (ज्यावर कॉइल गुंडाळतात तो साचा) नीट करून घ्या, घाई करू नका. केबल सलग फार लांब मिळत नाही. आधी लांबी विचारावी आणि मगच वेढे ठरवावेत, कारण कॉइलच्या पोटात जोड असलेला मला चालत नाही.

खरी परीक्षा टोकांची. मॅग्नेशियम ऑक्साइड ओल खेचतं, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठाच्या बरणीसारखं. टोक कापून ठेवलं आणि जेवून आलं, की मेगरचा (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचा) काटा सरळ खाली बसलेला दिसतो. त्यावर उपाय आहे. टोकापासून जरा आतून ब्लो लँपची ज्योत लावायची आणि हळूहळू टोकाकडे सरकवायची, म्हणजे ओल बाहेर ढकलली जाते. उलट दिशेने गेलात तर ती आत जाऊन बसते. पुन्हा मेगर लावला की काटा आधी अडखळतो, मग चढायला लागतो, आणि तो चढलेला असतानाच सिरॅमिकचं टोपण ब्रेझ करून, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, टोक बंद करायचं. एका पुरवठादाराने आम्हाला टोकांना नुसती टेप गुंडाळून माल पाठवला होता. इतक्या महाग वस्तूला असं पाठवणं मला अक्षम्य वाटतं.

दुसरी नाजूक जागा पाण्याची. पोकळ कंडक्टरमध्ये पाणी आणि वीज एकाच नळीत असतात, म्हणून कॉइल आणि पाण्याच्या हेडरच्या (पाणी वाटणाऱ्या मुख्य नळाच्या) मधे वीज तोडणारा तुकडा लागतो. टार्गेटजवळ तिथे रबरी होज टिकत नाही, सिरॅमिकचाच तुकडा हवा, आणि त्याचे ब्रेझ केलेले जोड गळू शकतात. केबल अभंग राहिली तरी मॅग्नेट बंद पडू शकतो, तो असा. प्रवाह बेताचा असेल तर मी भरीव कंडक्टरची एमआयसी सुचवते. तिला लागून पाण्याच्या वेगळ्या नळ्या सोल्डर करतात, त्या अर्थलाच असतात, म्हणून सिरॅमिकची भानगडच राहत नाही.

टिकाऊपणाच्या भरात लोक एक गोष्ट विसरतात. न्यूट्रॉन लागून तांब्यातूनच कोबाल्ट-६० तयार होतं आणि त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे केबल ठणठणीत असली तरी तिच्याशेजारी स्पॅनर घेऊन माणूस बसू शकत नाही. जे-पार्कमध्ये यासाठी मॅग्नेटवर चिमणीसारखा उंच भाग उभा केला आहे. वीज, पाणी, इंटरलॉक (बिघाड झाला की यंत्र आपोआप थांबवणारी सोय) यांचे सगळे जोड त्याच्या माथ्यावर, शिल्डिंगच्या, म्हणजे किरणोत्सार अडवणाऱ्या जाड थराच्या, वरच्या बाजूला. माणूस वर उभा राहून ते सोडवतो आणि मॅग्नेट क्रेनने उचलला जातो. एमआयसी घ्यायची तर तिची टोकं अशा वरच्या जागेपर्यंत नेण्याइतकी लांबी हिशेबात धरलीच पाहिजे. ती परवडत नसेल तर मला ही खरेदी अर्धवट वाटते.

माझ्या मते टार्गेटनंतरच्या पहिल्या काही मॅग्नेटना दुसरा पर्याय नाही, निःशंक घ्या. ऑर्डरमध्ये मात्र इतकं लिहून घ्या: दोन्ही टोकं धातूने बंद केलेली, प्रत्येक गुंडाळीचं मेगरचं रीडिंग निघताना आणि पोचल्यावर, कंडक्टरमधून पाणी सोडून दाबाची चाचणी, आणि त्याच बॅचमधला वाकवून पाहण्यासाठी एक जादा तुकडा. तो तुकडा तुमच्याच फॉर्मरवर वाकवा, मग वळणावर आडवा कापा आणि भुकटीचा थर चारही बाजूंनी मोजा.