पारदर्शक जेलचा ठोकळा: गोळी फुलली का ते दिसतं, खोली मात्र जपून वाचा

स्वसंरक्षणासाठी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर फुलून रुंद होणाऱ्या गोळीची) काडतुसं निवडताना डब्यावर छापलेला वेग आणि जाहिरातीतला फुललेल्या गोळीचा फोटो पुरेसा नाही. गोळी जेलमध्ये, म्हणजे शरीराच्या मांसाऐवजी वापरायच्या मऊ माध्यमात, झाडून पाहावी लागते. त्यासाठी आज सगळ्यात सोयीचा माल म्हणजे कृत्रिम पारदर्शक जेल. क्लिअर बॅलिस्टिक्स या कंपनीचा 16 × 6 × 6 इंचांचा ठोकळा त्यातला ओळखीचा. फ्रीज लागत नाही, कुजत नाही, वितळवून पुन्हा ओतता येतो आणि गोळीने केलेली वाट बाहेरूनच दिसते. दोन काडतुसांची एकमेकांशी तुलना करायला हा ठोकळा उत्तम. पण अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेचा निकष आहे की गोळी 12 ते 18 इंच खोल जावी; या ठोकळ्यातली खोली त्या निकषाला थेट लावली तर फसाल.

तो निकष ठरला 1986 मध्ये मायामीत एफबीआय आणि दरोडेखोरांत झालेल्या चकमकीनंतर. तिथे एक 9 मिमी हॉलो पॉइंट गोळी एका दरोडेखोराच्या हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली होती. निकषामागचं माध्यम आहे प्राणिज जिलेटिन: 10 टक्के, 250 ब्लूम (ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप), 4 अंश सेल्सियसला थंड केलेलं. त्यात 0.177 इंची पोलादी छर्रा सेकंदाला 590 फूट वेगाने मारला की तो 8.5 सेंमी जायला हवा, फार तर एक सेंमी इकडेतिकडे. कृत्रिम जेल छर्‍याच्या या परीक्षेत उतरलं तरी हॉलो पॉइंट गोळी त्यात बहुधा जास्त खोल जाते. ते तेलावर आधारलेलं असतं, पाण्यावर नाही. घनता कमी आणि फाटण्याची तऱ्हाही वेगळी. म्हणून त्यात एखादी गोळी 19 इंच गेली एवढ्यावरून तिला बाद करू नका. उलट, त्यातही 12 इंच न गाठणाऱ्या गोळीबद्दल मात्र शंका घ्यायलाच हवी.

नुसत्या जेलवरची चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे. उघड्या जेलमध्ये बहुतेक चांगल्या हॉलो पॉइंट फुलतातच. खरी परीक्षा कापडाची. जाड डेनिमचे चार थर ठोकळ्याच्या तोंडावर लावा, ताणू नका. गोळीच्या पोकळीत कापडाचा बोळा बसला की जेलचा दाब आतून कडा उलगडू शकत नाही. मग ती गोळी साध्या पूर्ण आवरणाच्या (धातूने झाकलेल्या, न फुलणाऱ्या) गोळीसारखी सरळ पुढे जाते, आणि 9 मिमीची तशी गोळी 24 इंचांच्याही पुढे जाऊ शकते. त्यामुळे दोन ठोकळे एकामागे एक, फट न ठेवता लावणं भाग आहे. हॉर्नाडी कंपनीच्या क्रिटिकल डिफेन्स या काडतुसात गोळीच्या पोकळीत मऊ पॉलिमर भरलेला असतो तो नेमका हा बोळा टाळण्यासाठी.

अंतर 10 फूट, प्रत्येक काडतुसाच्या किमान पाच गोळ्या. एकच गोळी सुंदर फुलली यावरून काहीच सिद्ध होत नाही. जे पिस्तूल जवळ बाळगणार त्याच्याच नळीतून झाडा: तीन इंची नळीत वेग घटतो आणि जेमतेम फुलणारी गोळी फुलायची राहते. म्हणून प्रत्येक वेळी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग नोंदवा. दोन वाटांमध्ये आणि कडेपासून किमान 4 सेंमी सोडा, नाहीतर गोळी जुन्या फटीत शिरते. ठोकळ्यामागे गोळी अडवणारा भक्कम मातीचा बांध हवाच.

मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे गोळी जिथे पडली आहे तिथपर्यंतच खोली धरणं. जेल लवचिक असल्याने ते गोळीला मागे ढकलतं; वाटेचं खरं टोक तिच्या पुढे असतं. तिथपर्यंत मोजा. व्यास व्हर्नियरने सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद जागी घेऊन सरासरी काढा. वजन करण्याआधी पोकळीतलं कापड चिमट्याने काढा. 124 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी म्हणजे सुमारे 8 ग्रॅम, तेव्हा स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा इथे चालणार नाही.

निकषाशी खरोखर ताडून पाहायचं असेल तर जिलेटिनला पर्याय नाही. 9 लिटरच्या ठोकळ्याला 900 ग्रॅम पूड, 8.1 किलो पाणी. पूड आधी थंड पाण्यात फुगवा, मग गरम करा, पण 40 अंशांच्या वर नेऊ नका. जास्त उष्णतेने जिलेटिनची ताकद उतरते आणि खोली खोटी वाढते. दीड दिवस 4 अंशांवर ठेवा, बाहेर काढल्यावर छर्‍याची परीक्षा घेऊन लगेच चाचणी उरका. मेहनत भरपूर, आणि ठोकळा एकाच दिवसाचा.

कृत्रिम ठोकळा पुन्हा वापरताना गोळ्या, धागे, आवरणाचे तुकडे आधी वेचून काढा, तुकडे करून 120 ते 130 अंशांवर सावकाश वितळवा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. घाईने तापवलं की तो पिवळा पडतो, धूर धरतो. उघड्या आचेवर तर ठेवूच नका: माल तेलाचा आहे, पेट घेतो. झाडल्यावर ठोकळ्याच्या आत क्षणभर ज्वाळा चमकते तीही याचमुळे, गोळीत काही वेगळी दारू असल्यामुळे नव्हे.