एस्थर महलांगू यांची चित्रं : आधी काळी रेघ बघा

दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले समाजाच्या चित्रकार एस्थर महलांगू यांचं चित्र पहिल्या नजरेत रंगांनीच भुलवतं. गुलाबी, निळा, पिवळा, हिरवा, सगळे पूर्ण ताकदीने लावलेले. पण विकत घ्यायचं असेल तर रंगांकडे शेवटी बघा. आधी त्यांच्याभोवतीची काळी रेघ बघा, कारण चित्राचा जीव तिथे आहे.

महलांगूंचा जन्म १९३५चा, दक्षिण आफ्रिकेतल्या मिडलबर्गजवळचा. दहाव्या वर्षी आई आणि आजीकडून त्या घराच्या भिंती रंगवायला शिकल्या. पट्टी नाही, टेप नाही, पेन्सिलीचं कच्चं रेखाटनही नाही. कोंबडीचं पीस काळ्या रंगात बुडवून आधी सगळी आखणी करायची आणि मग आखलेल्या एकेका आकारात रंग भरायचा. माप फक्त डोळ्यांचं. जुन्या भिंती शेणामातीने सारवलेल्या असत. त्यांवर रंगीत माती, चुना, काजळी आणि कपड्यांची नीळ चढे. त्यांनी हे सगळं कॅनव्हासवर आणताना ॲक्रिलिक घेतलं, पीस मात्र सोडलं नाही.

या भौमितिक आकारांना निव्वळ सजावट म्हणणं फार अपुरं आहे. १८८३मध्ये बोअरांनी, म्हणजे तिथे वसलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, एन्देबेले लोकांचा पराभव केला, जमिनी घेतल्या आणि कुटुंबं पांगवून शेतांवर वेठीला जुंपली. पांगलेल्या समाजाला आपली ओळख टिकवायला जे हाताशी उरलं, त्यात बायकांची रंगवलेली भिंत होती. मुलाचा वयात येण्याचा दीक्षाविधी आला की घर पुन्हा रंगायचं आणि पावसाने धुतलं की परत रंगायचं. या चित्रांतली उमेद त्या ‘परत’मध्ये आहे, म्हणून रेघ हाताचीच हवी.

पारखण्याची सोपी रीत अशी. चित्राचा समोरून सरळ फोटो काढा, मोबाइलवर आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवा आणि मूळ फोटोशी ताडून बघा. महलांगूंची रचना डावी-उजवीकडे सारखी वाटते, पण हाताने आखलेली असल्यामुळे दोन बाजू तंतोतंत जुळत नाहीत. एखादा त्रिकोण किंचित फुगलेला असतो, पायऱ्यांची एखादी ओळ जरा खाली उतरते. दोन्ही बाजू केसभरही न हलता जुळल्या तर ती नक्षी संगणकावर अर्धी काढून उलटवलेली आहे. मग खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा. खऱ्या ॲक्रिलिकमध्ये रंगाच्या थराची कड उठून दिसते. दहापट भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ती इंकजेट छपाई आहे. स्क्रीनप्रिंटमध्ये, म्हणजे जाळीतून रंग दाबून काढलेल्या छाप्यात, ठिपक्यांऐवजी सलग, सपाट थर दिसतो, आणि खालच्या समासात पेन्सिलीने सही व आवृत्तीचा क्रमांक असायला हवा. या परीक्षा झाल्या तरी मूळ चित्रासाठी मालकीची कागदपत्रं मागायचीच.

आमचा कौल असा : मूळ कॅनव्हास सर्वोत्तम, पण किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. सही केलेला स्क्रीनप्रिंट पैसे वसूल करतो. ‘एन्देबेले डिझाइन’ म्हणून मिळणारे स्वस्त कॅनव्हास प्रिंट घेऊ नयेत. त्यांत बहुधा सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असतात आणि प्रिंटरच्या साध्या डाय शाईतला गुलाबी उन्हात लवकर उडतो.

त्यांची नक्षी ल्यालेल्या गाड्यांबद्दलही हेच, हाताची रेघ सरस. १९९१ची बीएमडब्ल्यू ५२५आय त्यांनी स्वतः रंगवली. चित्रकारांकडून गाड्या सजवून घेणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या आर्ट कार मालिकेतल्या त्या पहिल्या महिला चित्रकार. २०२४च्या आय५ फ्लो नोस्टोकाना गाडीवर विजेच्या संकेताने रंग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शाईच्या पातळ पडद्याचे १३४९ तुकडे बसवून त्यांची नक्षी हलती केली आहे. तंत्र थक्क करणारं आहे, तरी निवड करायची तर १९९१चीच गाडी.

वारली चित्रं घेणाऱ्यांना ही पारख नवी वाटणार नाही, तिथेही छाप्याने उठवलेली माणसं लगेच ओळखू येतात. १९८९च्या पॅरिसमधल्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनात महलांगू होत्या आणि आपले जिव्या सोमा मशेही होते.

मुंबई-कोकणच्या हवेत चित्र टांगताना भिंत आणि फ्रेम यांत दीड-दोन सेंटीमीटर जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. उकाड्यात ॲक्रिलिक मऊ होतं आणि धूळ चिकटते. ती कोरड्या मऊ ब्रशनेच झटका, ओलं फडकं नको. गुंडाळताना प्लास्टिक रंगाला टेकू देऊ नका, ते चिकटून रंगाचा पापुद्रा घेऊन निघतं. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद घाला. कागदावरचं काम असेल तर आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून काच कागदापासून चार-पाच मिलिमीटर दूर ठेवायला फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा.