ऑटोमॅटिक गिअर उशिरा पडायचा: ऑइल बदलून आठ महिने झाले, काय गेलं आणि काय राहिलं

गाडी चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारी) जुनी पेट्रोल ऑटोमॅटिक. गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी बघायची पट्टी म्हणजे डिपस्टिक असलेली, 1 लाख 10 हजार किमी चाललेली. गिअरबॉक्सचं ऑइल आधी कधी बदललं होतं याची नोंद नाही. पुण्यातली रोजची ट्रॅफिक, महिन्याकाठी एखादा घाट. ऑइल बदलल्यानंतर 9,000 किमी झाले आहेत, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

आधी एक फरक समजून घ्या, कारण गॅरेजमध्ये दोन्ही तक्रारी 'गिअर लेट पडतो' या एकाच नावाने सांगितल्या जातात. पार्किंगमधून (पी) डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकल्यावर गाडी क्षणभर नुसतीच उभी राहते आणि मग धक्का देऊन गिअर धरते, ही एक तक्रार. चालत्या गाडीत तिसऱ्यातून चौथा लवकर पडत नाही, इंजिन उगाच ओरडत राहतं, ही दुसरी. पहिली बहुतेक वेळा ऑइलच्या दाबाची असते. दुसरीचं मूळ बऱ्याचदा गिअरबॉक्समध्ये नसतंच. या गाडीत दोन्ही होत्या आणि दोघींची कारणं वेगळी निघाली.

पहिली तक्रार अंदाजाने सांगू नका, घड्याळ लावून मोजा. ऑइल 50 ते 80 अंशांपर्यंत गरम हवं, एसी बंद, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा), हँडब्रेक आणि पायातला ब्रेक दोन्ही घट्ट. एन (न्यूट्रल) वरून डी टाका आणि गिअर धरल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजा. मध्ये एक मिनिट सोडून असं तीनदा करा, सरासरी काढा. मग हेच आर साठी. या प्रकारच्या कित्येक गिअरबॉक्सना डी साठी 1.2 आणि आर साठी 1.5 सेकंदांची मर्यादा असते. इथे डी ला 1.9 आणि आर ला 2.2 येत होते. दोन्ही उशिरा म्हणजे ऑइल कमी किंवा एकूणच दाब कमी. फक्त डी उशिरा असता तर संशय पुढच्या गिअरच्या (फॉरवर्ड) क्लचवर, फक्त आर असता तर रिव्हर्सच्या क्लच-ब्रेकवर गेला असता.

या गाडीत डिपस्टिक चालू इंजिनवर बघायची. सपाट जागा, ऑइल गरम, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून परत पी मध्ये. बंद इंजिनवर बघून 'लेव्हल ओके' सांगणारे मिस्त्री कमी नाहीत. पातळी 'हॉट' खुणेच्या बोटभर खाली होती. पातळी फारच उतरली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. हवा दबते, ऑइल दबत नाही, त्यामुळे क्लचचा पिस्टन पुढे सरकायला वेळ लागतो. जास्त भरलं तरी फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि लक्षणं तीच येतात!

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच. या गाडीला टी-फोर, पण तुमच्या गाडीला डब्ल्यूएस, एसपी-थ्री किंवा डेक्सरॉन-सिक्स असू शकतो. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑइल यात चालत नाही, यातलं त्यात चालत नाही. ड्रेन बोल्ट काढल्यावर 3 लिटरच्या आसपास निघतं, एकूण मात्र पावणेसात लिटर असतं; बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून 1,000-1,000 किमीच्या अंतराने तीनदा बदललं, 10 लिटर आणून ठेवलं होतं. तीन वेळा मिळून 80 टक्क्यांच्या आसपास नवीन होतं. पहिल्याच वेळी पॅन उतरवून फिल्टर आणि गॅस्केट बदललं. चुंबकांवर करड्या लेपाचा थर होता, तो चालतो. चमकणारे तुकडे किंवा काळा चुरा आणि जळका वास आला असता, तर क्लच प्लेटा किंवा आतले भाग झिजले असं समजून ऑइलवर पैसे घालणं तिथेच थांबवावं. पॅनचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, ॲल्युमिनियमचे आटे जायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या बदलानंतर डी 0.9, आर 1.2 सेकंद. आठ महिन्यांनी तेच आकडे. थंडीत पहाटे पहिल्यांदा आर टाकला की थोडा जास्त वेळ लागतो, तेवढं सोडून द्यावं.

चौथा गिअर मात्र ऑइल बदलूनही तसाच उशिरा. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघितलं तर हायवेवर 65 ते 68 अंश! थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जागेवर नव्हताच. गाडी तापू नये म्हणून हा 'वॉल' काढून टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण इंजिन थंड आहे असं दिसलं की कंट्रोल युनिट वरचा गिअर आणि लॉक-अप (टॉर्क कन्व्हर्टर थेट जोडून घेणं) मुद्दाम लांबवतं. 82 अंशांचा थर्मोस्टॅट आणि नवीन कूलंट टाकलं, त्याच दिवशी चौथा वेळेवर. सगळ्यात स्वस्त काम हेच होतं आणि ते सगळ्यात शेवटी झालं. तुम्ही आधी करा.

स्कॅनरबद्दल: साधे ब्लूटूथ अडॅप्टर पुष्कळदा फक्त इंजिनचे कोड वाचतात. पी0700 हा बिघाडाचा कोड दिसला तर त्याचा अर्थ इतकाच की खरा कोड गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये आहे. तो वाचणारं यंत्र शोधा. पी0750 सारखा सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) कोड असेल तर आधी कनेक्टर आणि वायर, मग रोध मोजा. जपानी पद्धतीच्या चार गिअरमध्ये शिफ्ट सोलेनॉइड साधारण 11 ते 15 ओहम, दाबाचा 5 ते 5.6 ओहम, तेही 20 अंशांवर. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवणाऱ्या) गाडीवाल्यांनी यातलं फारसं लावून घेऊ नये. तिथे क्लच ॲक्चुएटर दाबतो आणि थोडा उशीर बांधणीतच असतो.

राहिलेली गोष्ट: सिग्नलला थांबताना दुसऱ्यातून पहिल्यावर येताना बारीक झटका अजून आहे. इंजिनची माउंटिंग तपासली, ठीक. दाबाचा सोलेनॉइड 5.3 ओहम दाखवतो, म्हणजे कॉइल शाबूत. आतला व्हॉल्व्ह अडकत असेल तर ओहममीटरवर कळत नाही. झटका वाढला तरच व्हॉल्व्ह बॉडी (सगळे व्हॉल्व्ह बसवलेला भाग) खोलायची, नाहीतर 40,000 किमीला पुढचं ऑइल.