गटात ८७ नावं होती

शेअर बाजार शिकवणाऱ्या एका व्हॉट्सॲप गटात माझे चार लाख साठ हजार रुपये गेले. निवृत्तीचे पैसे होते. गटातल्या 'सरां'वर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. मी फसलो तो बाकीच्यांमुळे.

सव्वानऊला बाजार उघडला की सर शेअरचं नाव टाकायचे आणि दुपारपर्यंत नफ्याच्या स्क्रीनशॉटची रांग लागायची. कुणी कोल्हापूरचे व्यापारी, कुणी नाशिकचे द्राक्ष बागायतदार. एकाने तर 'हे सगळं खोटं आहे' म्हणून भांडण काढलं. दोन दिवसांनी त्यानेच खात्यात पैसे आल्याचं दाखवून सगळ्यांची माफी मागितली. माझ्या मनातलं सगळं तोच बोलला होता, त्यामुळे त्याची शंका फिटली तशी माझीही फिटली.

साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका मला वेगळा मेसेज करायच्या. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची आठवणीने चौकशी करायच्या. मी आधी पाच हजार भरले, सहा हजार काढून बघितले, मिळाले. मग दीड लाख भरले. मग आयपीओ, म्हणजे कंपनीचे पहिल्यांदाच विक्रीला आलेले शेअर, लागला म्हणून तीन लाख दहा हजार. त्यांच्या ॲपमध्ये अकरा लाख दिसत होते. काढायला गेलो तर म्हणे आधी १५ टक्के कर वेगळा भरा. मी कचरलो, तशी बाईंचा मेसेज आला: 'भाऊ, मी पण खूप घाबरलो होतो. पण कर भरला आणि दुसऱ्या दिवशी पैसे आले.'

तो मेसेज भाच्याने वाचला. 'मामा, या बाई "घाबरलो" का लिहितात?'

रात्रभर आम्ही दोघं तो गट मागे मागे वाचत गेलो. व्यापारी, बागायतदार, शिक्षिका, तो भांडलेला माणूस, सगळे 'धनयवाद' लिहीत होते. चूकही एकच. दिवाळीला एकानेही शुभेच्छा दिल्या नव्हत्या.

बाकीचं मला आधीच कळायला हवं होतं. पैसे दोन वेळा दोन निराळ्या 'ट्रेडर्स'च्या चालू खात्यांत गेले होते. खरा शेअर घेतला की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या आपल्या खात्यात येतो, आणि शेअरची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएल या संस्थांकडे दिसतो. तिथे माझ्या नावावर काहीच नव्हतं. आयपीओचे पैसे वाटप होईपर्यंत आपल्याच बँक खात्यात अडकवून ठेवलेले असतात, कुणाच्या खात्यात पाठवायचे नसतात. आणि नफ्यावरचा कर आपण विवरणपत्र भरताना सरकारला देतो, पैसे काढण्याआधी कुणा सरांना नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन केला तोवर सहा दिवस उलटले होते. चाळीस हजार तेवढे गोठवता आले, बाकीचे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. कुणाचे असे पैसे गेले असतील तर घरच्यांना काय सांगू या विचारात बसू नका, त्याच मिनिटाला तो नंबर लावा. मी आधी तीन दिवस हिच्यापासूनच लपवलं.

नंतर गटातल्या एकेका नंबरवर फोन लावत बसलो. बहुतेक लागलेच नाहीत. तिघांनी उचलले, तिघेही माझ्यासारखेच बुडालेले. नागपूरच्या एक बाई म्हणाल्या, त्यांनाही एक निवृत्त शिक्षिका रोज मेसेज करायच्या, मुलीच्या लग्नाचं विचारायच्या. नंबर जुळवून पाहिला, तोच. त्यांना मात्र आपण अमरावतीच्या म्हणून सांगितलं होतं.