‘३,५०० किलो आरामात ओढते’ असं सांगून विकलेली एसयूव्ही

जड ट्रेलर ओढण्यासाठी वापरलेली मोठी एसयूव्ही घेणारे बहुतेक एकाच वाक्याला फसतात: “टो पॅकेज आहे, ३,५०० किलो आरामात ओढते.” बंपरखाली २ इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे ट्रेलरची जुंपणी बसवायची खोबण, दिसतो. विकणारा कंपनीचं माहितीपत्रक दाखवतो आणि त्यात आकडा खरोखरच तेवढा असतो. फक्त तो त्या मॉडेलमधल्या सगळ्यांत ताकदवान प्रकाराचा असतो, आणि समोर उभी असलेली गाडी बऱ्याचदा दुसऱ्याच प्रकारची निघते.

रिसीव्हर ही शेवटी एक लोखंडी चौकट. ती कोणत्याही गॅरेजात काही तासांत बसवून मिळते. कंपनीच्या खऱ्या टो पॅकेजमध्ये सहसा गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर, ७ पिनांचं सॉकेट आणि डॅशबोर्डखाली ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या यंत्राची) जोडणी असते. काही गाड्यांत मोठा रेडिएटर आणि मागच्या ॲक्सलचा गिअर रेशोही वेगळा असतो. सॉकेट ४ पिनांचं असेल तर तिथेच थांबा. त्यातून ट्रेलरचे फक्त दिवे लागतात, ब्रेकची तार त्यात नसतेच. कूलर नसलेल्या गाडीचं दुखणं लांब चढावर कळतं: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उष्णता साठते, ऑइल काळपटतं, करपल्यासारखा वास येतो आणि क्लच प्लेट घसरू लागतात. हा खर्च व्यवहार झाल्यावर, घेणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून गाडीसोबत कारखान्यात काय बसवलं होतं याची यादी आधीच मागवावी.

पण मोठी फसवणूक इथे नाही, ती पेलोडमध्ये, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर पेलू शकते त्या वजनात आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक किलोपेक्षा जास्त नको. ट्रेलर ओढण्याचा आकडा कितीही मोठा असो, बॉलवर (रिसीव्हरमध्ये बसवलेला लोखंडी गोळा, ज्यावर ट्रेलरचं तोंड टेकतं) जो भार येतो तो याच पेलोडमधून वजा होतो. बॉलच्या जुंपणीच्या जड ट्रेलरला भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर लागतो. समजा स्टिकरवर ६५० किलो आहे आणि भरलेला ट्रेलर ३,००० किलोचा. १२ टक्क्यांनी बॉलवर ३६० किलो आले. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (बॉलवरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणारी जुंपणी) ४०, चार माणसांचे ३००, डिकीतल्या सामानाचे ७०. बेरीज ७७० किलो. म्हणजे ‘३,५०० ओढणारी’ गाडी ३,००० च्या ट्रेलरलाच १२० किलोने जादा भरली. पूर्ण ३,५०० ओढायचे तर बॉलवर ४२० किलो येतात. हिच धरून माणसांसाठी १९० उरतात. दोघं बसली की गाडी भरली.

ही तक्रार घेऊन परत गेलं की दोन सल्ले मिळतात, आणि दोन्ही घातक आहेत. पहिला: “ट्रेलरमधलं सामान मागे सरकवा, बॉलवरचा भार कमी होईल.” भार कमी होतो हे खरं, पण तो १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर डुलायला लागतो. उतारावर किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर एक हेलकावा सुरू होतो आणि प्रत्येक हेलकाव्याला वाढत जातो. दुसरा सल्ला: मागे एअर स्प्रिंग (हवा भरून गाडी उचलणारी स्प्रिंग) बसवा. बसवल्यावर मागून बसलेली गाडी वर येते, दिसायला सपाट होते, आणि घेणाऱ्याला वाटतं काम झालं. बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. तिथला भार तरफेसारखा पुढची चाकं हलकी करतो. एअर स्प्रिंगने ते वजन पुढे परत जात नाही आणि स्टिकरवरची मर्यादाही वाढत नाही. वजन पुढे परत नेतात ते वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे ताणलेले बार.

रिसीव्हरवरचं लेबलही बघाच. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, साध्या जुंपणीचा लहान आणि वेट डिस्ट्रिब्युशनचा मोठा. विकताना फक्त मोठा सांगितला जातो. लेबल खरवडलेलं आणि त्या जागी ताजा काळा रंग दिसला, तर वेल्डजवळची तडा आणि पिनेचं लांबट झालेलं भोक टॉर्च मारून शोधा.

सोबत ट्रेलरही त्याच माणसाकडून घेत असाल तर त्याने सांगितलेलं वजन ‘कोरडं’ असतं हे धरून चला. त्यात पाणी, गॅस, सामान काहीच नसतं. बॅटरीही बऱ्याचदा धरलेली नसते. १५० लिटरची पाण्याची टाकी भरली की १५० किलो वाढले. टायरची नक्षी नवीकोरी दिसते कारण ट्रेलर उभाच असतो, रबर मात्र म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंक वाचा, ते टायर बनल्याची तारीख सांगतात: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. बॉल २ इंची आणि कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) २ ५/१६ इंचाचा असला तरी कुलूप बसल्यासारखं दिसतं, आणि खड्ड्यात कपलर बॉलवरून उडतो. कुलूप लावून जॅकने ट्रेलरचं तोंड उचला. गाडीचा मागचा भाग सोबत वर आला पाहिजे.

“ब्रेक चालू आहेत” हे शब्दावर घेऊ नका. इलेक्ट्रिक ब्रेकच्या १० किंवा १२ इंची ड्रमचा प्रत्येक चुंबक १२ व्होल्टला सुमारे ३ अँपिअर घेतो. चार चाकांना मिळून १२ च्या आसपास हवेत. क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून विजेचा प्रवाह मोजणारं साधन) ६ दिसले तर दोन ब्रेक मेलेले आहेत. नंतर ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची) पिन ओढून गाडी हळूच पुढे घ्या, ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. अडली नाहीत तर बॅटरी, स्विच, तारा, ब्रेक यांपैकी काहीतरी बाद आहे.

पैसे देण्याआधी दोघांनी मिळून वजनकाट्यावर जायचं. आधी माणसांसह, इंधनाची टाकी भरून नुसती एसयूव्ही, ॲक्सलनिहाय. मग भरलेला ट्रेलर जोडून पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळी. जोडल्यावर एसयूव्हीच्या दोन ॲक्सलची बेरीज जितकी वाढली तितका भार बॉलवरून आला. पुढचा ॲक्सल किती हलका झाला तेही त्याच पावत्यांत दिसतं. काट्यावर यायला विकणारा तयार नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. तयार असेल तर काट्याच्या पावत्यांवर आणि टो पॅकेजच्या यादीवर त्याची सही घ्या, आणि विक्रीच्या कागदात त्यांचा उल्लेख करून घ्या.