शंकरपट : घड्याळातील सेकंद की दावणीवरची पारख?

विदर्भातील तळेगाव दशासरसारख्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, कोणती जोडी बाजी मारेल, हे ठरवताना काही जण मागील पटांतील सेकंदांवर विसंबतात, तर जुने शेतकरी दावणीपाशी जाऊन बैल निरखतात. वेळेची नोंद निःपक्ष असते; मात्र धावपट्टीची लांबी, मातीचा ओलावा किंवा धुरकरी (जोडी हाकणारा) बदलला, की दोन गावांचे सेकंद ताडून पाहता येत नाहीत. पारखी नजर बैल निवांत रवंथ करतो का, खुराला इजा आहे का आणि जोडीचे पाऊल एकत्र पडते का, हे टिपते. माझ्या मते हीच पारख अधिक भरवशाची आहे, कारण लांबच्या प्रवासाने दमलेल्या जनावराची मागची उत्तम वेळ आज कामी येत नाही. शिवाय शर्यतींवरील २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा नव्या दमाच्या बैलांच्या जुन्या वेळा कोठून मिळणार होत्या?