गोराईच्या वाडीतली सहा नाणी

जुनी नाणी जमिनीतून शोधून काढायच्या नावाखाली आमची फसवणूक झाली आणि आमचे १,२७,००० रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते आहे, कारण शाळांना सुट्टी लागली की ही फसवणारी मंडळी पुन्हा नवी कुटुंबं शोधायला निघणार. आमच्यासारखीच, मुलांना मोबाईलपासून दूर नेणारं काहीतरी हवं असलेली कुटुंबं.

आम्ही बोरिवलीला राहतो. घरात मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबांची सगळी नोकरी पोर्ट ट्रस्टमध्ये झाली. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. तिथे मुलगा जुन्या नाण्यांपाशी असा खिळला की हाताला धरून बाहेर काढावं लागलं. घरी आल्यावर तो इंग्रजी व्हिडिओ बघायला लागला. इंग्लंडमध्ये लोक कुटुंबासकट शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरतात. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात अशाच एका हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातलं कित्येक किलो सोनं सापडलं. ते रीतसर सरकारला कळवलं गेलं, संग्रहालयांनी विकत घेतलं, आणि पैसे शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटले गेले. ही खरी गोष्ट आहे. आमच्या फसवणुकीत खऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या, हे मला पहिल्यांदा सांगायचं आहे.

मोबाईलवर जाहिरात दिसली: कुटुंबांसाठी इतिहासशोध, पहिलं सत्र मोफत. बोरिवलीतल्याच एका हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं जमली होती. बोलणारे गृहस्थ पन्नाशीचे, शुद्ध मराठी, अंगात खादीचा झब्बा. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी सुरुवात केली ती १४ एप्रिल १९४४ पासून. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, सगळं एकाच जहाजात. दोन स्फोट झाले आणि सोन्याच्या विटा कुठच्या कुठे उडाल्या. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आबांच्या वडिलांनी तो आवाज गिरगावात ऐकला होता. आबा तिथेच उभे राहिले आणि आपल्या वडिलांची आठवण सांगायला लागले. सरांनी त्यांना पुढे बोलावून खुर्ची दिली, "काका, तुमच्यासारख्यांकडूनच इतिहास शिकायचा," म्हणाले. त्या दिवसापासून आबांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. आमच्या घरात आबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

कुटुंबाची वर्गणी ७,५०० भरली. मशीन त्यांच्याकडूनच घ्यायचं होतं, ३२,००० रुपयांना. नंतर कळलं की तेच मशीन बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. पण मशीन चालतं, हे मी नाकारणार नाही. दांड्याच्या टोकाला गोल तबकडी असते, ती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असेल तर त्यात वीज फिरते आणि तिचा पडसाद तबकडी पकडते. पडद्यावर आकडा येतो, त्यावरून लोखंड, ॲल्युमिनियम की तांबं-चांदी याचा अंदाज बांधायचा. चार-सहा इंच खोलवरचं नाणं कळतं, फार तर आठ-दहा इंच. समुद्राच्या ओल्या वाळूत मिठाच्या पाण्यामुळे साधं मशीन उगाच ओरडत राहतं, म्हणून कोरड्या वाळूतच फिरायचं. हे सगळं मुलाने स्वतः शोधून काढलं.

ते दोन महिने आमचे फार चांगले गेले. रविवारी पहाटे पहिल्या बसने अक्साचा समुद्रकिनारा गाठायचा, डब्यात पोळीभाजी, आबा घडीच्या खुर्चीवर, नवरा खोदतोय आणि मुलगा शंभर पानी वहीत नोंद करतोय: किती वाजता, आकडा किती, किती बोटं खोल, काय निघालं. बाटल्यांची बुचं, खिळे, चांदीसारखे चमकणारे गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, कुलुपाची कडी. एकदा जोडवं निघालं, एकदा पाच पैशांचं चौकोनी ॲल्युमिनियमचं नाणं. ते पाच पैसे त्याने अजून जपून ठेवलेत.

मग सरांनी सांगितलं की यापुढे 'खऱ्या' जागी जायचं तर परवाना लागतो. माणशी नाही, कुटुंबाला एकच, ४,५०० रुपये. आठ दिवसांत ओळखपत्र आलं. वर तीन सिंहांची राजमुद्रा, खाली 'पुरातत्त्व शोध परवाना', मुलाचा फोटो आणि शिक्का. मुलाने ते दप्तराला लावलं.

असा परवाना नसतो. आपल्याकडे हौसेखातर जुन्या वस्तू खणायला कोणी परवाना देत नाही. पुरातत्त्व खात्याचा परवाना असतो तो पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्यांसाठी, किंवा संशोधन संस्थांच्या रीतसर उत्खननासाठी. सिंहमुद्रा पाहून आम्ही हे कोणालाच विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्हाला गोराईला नेलं. जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली, पुढे रिक्षा, मग एक खाजगी वाडी. माड, आंब्याची चार झाडं, मधे मोकळी तांबडी जमीन. आमच्यासकट सात कुटुंबं होती. दोरी बांधून प्रत्येकाला चौकोन आखून दिलेला. सर म्हणाले, इथून पूर्वी पोर्तुगीज आणि मराठे दोघांचा राबता होता. वसई जवळच, चिमाजीअप्पांची १७३९ ची मोहीम या पट्ट्यात झालेली, तेव्हा पटण्यासारखंच होतं.

मुलाने मशीन फिरवलं आणि दहाव्या मिनिटाला स्वच्छ, गोड आवाज आला. नवऱ्याने खुरपीने माती सारली. मुलाने हात घातला आणि मुठीत काहीतरी घेऊन तसाच बसून राहिला, मूठ उघडेचना. मी म्हटलं, "दाखव ना रे." तळहातावर काळपट हिरवं, ओबडधोबड तांब्याचं नाणं. थुंकी लावून अंगठ्याने पुसलं तर अक्षरं दिसली, 'श्री राजा शिव'. शिवराई! आबांनी ते कपाळाला लावलं. मुलगा रडत होता, मीही रडत होते. शेजारच्या चौकोनातली पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी धावत आली, तिलाही एक सापडलं होतं.

दोन तासांत आमच्या चौकोनात सहा नाणी निघाली. पाच शिवराया, आणि सहावं लहानसं, पिवळंधमक. सरांनी ते रुमालात घेतलं, भिंगातून पाहिलं आणि आवाज खाली आणून नवऱ्याला बाजूला नेलं. "दादा, हा सोन्याचा होन आहे. महाराजांच्या काळातला. बाहेर एक अक्षर बोलू नका, सरकार जप्त करेल. मी रीतसर करून देतो."

त्यानंतर मूल्यांकनाचा दाखला, १८,०००. दाखल्यावर किंमत होती अकरा लाख. मग लिलावात नाव घालायला परतीची अनामत, ६५,०००. हे पैसे आबांनी ठेव मोडून दिले. दर वेळी खातं वेगळं, दर वेळी 'आज संध्याकाळपर्यंत'. एवढं झाल्यावर त्यांनी लांब पल्ल्याचं लोकेटर सुचवलं. हातात धरायचं, पुढे अँटेना, शंभर मीटरवरचं सोनं दाखवणारं, किंमत अडीच लाख. त्यासाठी आबा गावची जमीन काढायच्या गोष्टी करायला लागले.

इथे वही मधे आली. एका रात्री मुलगा अक्सा आणि गोराईची पानं शेजारी ठेवून बसला होता. म्हणाला, "आई, गोराईला एकपण बूच नाही." मला आधी कळलंच नाही. त्याने दाखवलं. अक्साला एका सकाळी ४१ नोंदी, त्यांतल्या ३८ कचऱ्याच्या. गोराईच्या वाडीत दोन तासांत सहा नोंदी, सहाही नाणी. एक खिळा नाही, तारेचा तुकडा नाही, पत्रा नाही. माणसाची वस्ती असलेल्या जमिनीत असं होत नाही. आणि खोलीच्या रकान्यात सहाही ठिकाणी एकच नोंद होती, चार बोटं. माती भुसभुशीत होती, नाण्याला गवताचं एक मूळही चिकटलेलं नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी जमीन मशीनने साफ करून, चार-चार बोटांवर नाणी पुरून ठेवली होती.

त्या रात्री कोणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी नवरा आणि मी झवेरी बाजारात ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी 'होन' तळव्यावर घेताच मान हलवली. "वहिनी, हाताला जड लागत नाही." काट्यावर सव्वा ग्रॅम भरला. खरा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतो. त्यांनी कडेला हलकी कानस मारून कसोटीच्या दगडावर रेघ ओढली. पिवळी रेघ. वर काचेच्या कांडीने ॲसिडचा थेंब सोडला. रेघ फसफसली, हिरवट झाली आणि पाहता पाहता नाहीशी झाली. सोन्याची रेघ राहते. हे पितळ होतं, वर मुलामा.

शिवराया मात्र खऱ्या निघाल्या. एका जाणकार नाणेसंग्राहकांनी पाहून सांगितलं की पाचातल्या तीन 'दुदांडी' आहेत. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधे दोन आडव्या रेघा असतात, म्हणून दुदांडी. हा प्रकार महाराजांच्या नंतरचा. शिवराई एकोणिसाव्या शतकातही चलनात होती, त्यामुळे ती आजही काहीशे रुपयांत मिळते. म्हणजे हजार-दीड हजाराची खरी नाणी आमच्या चौकोनात टाकली होती. आम्ही कुठे दाखवली असती तरी समोरचा "खरी आहेत" असंच म्हणाला असता, आणि त्यांच्या पुण्याईवर पितळही खपलं असतं.

"सरकार जप्त करेल, गप्प राहा" या एका वाक्याने आमची तोंडं बंद झाली होती. कायदा याच्या अगदी उलट आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. गोराई उपनगर जिल्ह्यात येते, म्हणजे वांद्र्याचं कार्यालय. न कळवणं हाच गुन्हा, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. चौकशीत वस्तू बेवारस ठरली आणि वेगळा करार नसला तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ती हवी असेल तर मोबदला देऊन घेतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. सरांची पुढची सहल वसईच्या किल्ल्यात होती. तो केंद्र सरकारचा संरक्षित किल्ला आहे, तिथे खुरपी चालवली असती तर आमच्यावरच गुन्हा दाखल झाला असता. बारा वर्षांच्या पोराला घेऊन.

लोकेटरबद्दलही वाचलं. आत काहीही नसलेली अशीच अँटेनावाली यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षं शिक्षा दिली. त्याच्या यंत्राचं मूळ होतं हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याचं खेळणं. तांदूळ खेचणारं 'राईस पुलर' भांडं, राम-सीता कोरलेलं कंपनी सरकारचं १८१८ चं नाणं, हे याच धंद्याचे दुसरे प्रकार. तसलं नाणं कंपनीने कधी पाडलेलंच नाही. गुप्तधनाच्या नावाने खेड्यांत लोक नागवले जातात, असं आम्ही पेपरात वाचायचो. आमच्याकडे मांत्रिकाच्या जागी खादीचा झब्बा आणि इतिहास आला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण शेवटचा व्यवहार होऊन तीन आठवडे झाले होते, खाती रिकामी होती. पहिल्या तासात कळवलं तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. तुमच्यावर वेळ आली तर आधी फोन करा, रडणं नंतर. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पूर्वीचं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे. अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी तक्रारदार कोण? आमच्याकडे कोणाचं नाव नाही, नंबर नाही. गोराईला त्या दिवशी सरांनी 'गोपनीयतेसाठी' सगळ्यांचे फोन टोपलीत ठेवायला लावले होते.

आबा महिनाभर नीट जेवले नाहीत. मुलगा एवढंच विचारतो, "मग मला सापडलं तेव्हा ते सर हसत होते का?"

जानेवारीतल्या त्या रविवारी गोराईच्या वाडीत असलेल्या उरलेल्या सहा कुटुंबांना माझी विनंती आहे. नाणी टाकून देऊ नका, चिंच लावून घासू नका, विकू तर मुळीच नका. ती जशी आहेत तशी कागदात बांधून ठेवा, पैसे पाठवल्याचे संदेश पुसू नका, आणि आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. अर्जात वाडीचा आणि दोरीच्या चौकोनांचा उल्लेख करा, म्हणजे आपले अर्ज एकमेकांशी जुळतील. पिवळ्या फ्रॉकमधल्या मुलीच्या आईबाबांना विशेष सांगते, तुमचा चौकोन आमच्या डाव्या हाताला, आंब्याखाली होता. तुमच्या मुलीला पहिलं नाणं किती वाजता सापडलं, ते माझ्या मुलाच्या वहीत लिहिलेलं आहे.